पिलारबाईंचं स्वेन्यो

बारावीला इंग्रजीत नापास झालेल्या मुलीला एका परदेशी बाईची भाषा कळेल, असं सिस्टर जसिंतांना का वाटलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. बहुतेक तसं काही वाटलं नसणार. त्यांना दिवसभर बसायला कुणीतरी हवं होतं आणि मी घरी बसलेलीच होते. निकाल लागल्यापासून आमच्या घरात माझ्याबद्दल बोलणं कमी झालं होतं आणि माझ्याकडून होणारं काम वाढलं होतं. आमची दोन एकर शेवंती होती. न्हावऱ्याच्या पुढं, भीमेच्या शिरूरच्या अंगाला आमचं गाव. उन्हं वर यायच्या आत फुलं तोडून व्हायला हवीत म्हणून आई, मी आणि चुलती अंधुक उजेडातच वाफ्यांत वाकलेल्या असायचो. लाईट असेल तेव्हा विहिरीवरच्या मोटरची घरघर, नसेल तेव्हा आप्पांचं लाईटवाल्यांना शिव्या देणं, टेम्पोचा हॉर्न, आणि घरी आल्यावर चुलीवर थापल्या जाणाऱ्या भाकरीचा आवाज. थंडीच्या दिवसांत आई हुलग्याची शेंगोळी करायची, आणि ती खाता खाताच आमच्यापैकी कुणीतरी भिंतीला टेकून डुलक्या द्यायला लागायचं. घरात सगळेच कायम दमलेले असायचे. त्याला कुणी दमणं म्हणत नसे एवढंच.

सिस्टर जसिंता एक दिवस स्वतःच आल्या. नदीपलीकडे, दौंड तालुक्यात, केडगावच्या अलीकडे एका गावात त्यांचा तीन खोल्यांचा दवाखाना होता. तो खरा पिलारबाईंचा. सिस्टर पिलार स्पेनहून आल्या तेव्हा तिशीच्या आतल्या होत्या म्हणे, आणि मी त्यांना पाहत आले तेव्हापासून त्या म्हाताऱ्याच होत्या. आमच्याकडच्या निम्म्या पोरांच्या नाळा त्यांनी कापल्या होत्या, माझीसुद्धा. पांढरी साडी, पायात पुरुषी चपला, आणि तोंडात आमच्याहून रांगडं मराठी. "काय गं, कवापास्नं दुखतंय? आन् आत्ता यायलीस व्हय?" असं त्या ओरडायच्या, आणि बाया खाली माना घालून हसायच्या. शुद्ध बोलणारा कुणी साहेब आला की त्यांची पंचाईत व्हायची, कारण पुस्तकातलं मराठी त्यांच्या कानावरून फारसं गेलंच नव्हतं.

"त्यांच्या अंगावरून वारं गेलं," सिस्टर जसिंता आईला सांगत होत्या. "उजवी बाजू गेली. बोलतात, पण मराठी पार पुसलं गेलंय. इंग्रजीपण नाही. नुसतं त्यांच्या आईच्या भाषेत बोलतात. मला दवाखाना बघायचा का त्यांच्याजवळ बसायचं?" आई म्हणाली, "न्या की हिला. हितं काय करतीय." तेवढ्यावर ठरलं.

मग माझा दिवस असा सुरू झाला: फुलं तोडायची, भाकरी बांधून घ्यायची, वडापच्या जीपमध्ये चौदावी किंवा पंधरावी होऊन बसायचं, पूल ओलांडून उतरायचं आणि पुढं वीस मिनिटं चालायचं. संध्याकाळी तेच उलटं. दवाखान्यात पोचायचे तेव्हाच माझे पाय भरून आलेले असायचे. आज तीस वर्षं नर्सची नोकरी करून पाय सुजतात तेव्हा वाटतं, याची सुरुवात त्या रस्त्यावर झाली असावी.

पिलारबाई खिडकीजवळच्या खाटेवर असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं, डावा हात उचलला आणि म्हणाल्या, "आग्वा." मला वाटलं, आग होतेय म्हणतात. मी ओलं फडकं करून त्यांच्या कपाळावर ठेवलं. "आग्वा, आग्वा," त्या म्हणाल्या. मी पायांवर ठेवलं. त्यांनी ते फडकं डाव्या हातानं ओढलं आणि तोंडात घालून चोखलं, तेव्हा मला कळलं की बाईंना पाणी पाहिजे. मी इतकी ओशाळले की तांब्या भरताना निम्मं पाणी सांडलं.

हे ऐकून सिस्टर जसिंतांनी कपाटातून एक जाड वही काढून दिली. पिलारबाई गावात नव्या होत्या तेव्हा त्यांनी मराठी शिकताना केलेली. डावीकडे त्यांचा शब्द, आपण इंग्रजी लिहितो त्या अक्षरांत, आणि उजवीकडे मराठी, पहिलीतल्या पोरीसारख्या मोठ्या, थरथरत्या अक्षरांत. पानी. भाकर. विळा. बाळंतपन. ज्यानं जसं सांगितलं तसं लिहिलेलं. मी ती वही मांडीवर घेऊन बसायचे, पिलारबाई काही बोलल्या की शोधायचे. अक्षरं आणि उच्चार जुळवणं मला आश्चर्य वाटावं इतकं जमायला लागलं. शाळेत इंग्रजीच्या तासाला मला घाम फुटायचा. इथं माझी चूक बघायला कुणी नव्हतं. महिन्याभरात मला पन्नासेक शब्द यायला लागले. मला त्या 'निन्या' म्हणायच्या. निन्या म्हणजे मुलगी. त्यांना लसणाच्या पाण्यात शिळ्या चपातीचे तुकडे उकळून, वर अंडं फोडून आणि लाल तिखट टाकून लागायचं, तेही मी शिकले. पहिल्यांदा ते नीट जमलं तेव्हा त्यांनी वाटी संपवली आणि डाव्या हातानं माझी हनुवटी धरली.

त्यानंतर काही दिवसांनी, एका दुपारी, त्या म्हणाल्या, "निन्या, तेंगो स्वेन्यो."

तेंगो मला माहीत होतं: माझ्याकडे आहे, मला आहे. स्वेन्यो शोधायला वेळ लागला, कारण त्यातल्या एका अक्षराच्या डोक्यावर लाटेसारखी रेघ असते. पण सापडला. समोर लिहिलं होतं: स्वप्न, सपान. मला स्वप्न आहे. मी लगेच उठले. मी त्यांच्या कानाशी वाकून, वहीत बघत विचारलं, "के स्वेन्यो?" म्हणजे कसलं स्वप्न? त्यांचा चेहरा एकदम सैल झाला, कुणीतरी आपलं ऐकलं असा. "सी, निन्या, के स्वेन्यो," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटायला लागल्या. स्वप्न सांगायच्या आत बाई झोपल्या तर ते जाईल, म्हणून मी त्यांचा खांदा हलवला.

मी त्यांना हलवून जागं केलं, हे मी आता सरळ लिहितेय. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

सिस्टर जसिंता दवाखान्यात पेशंटांच्या गर्दीत होत्या. मी सांगितल्यावर त्या थबकल्या. "स्वप्न? नक्की?" मी वही दाखवली. त्यांनी क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या, "बघ बाई. तुला कळतंय, तूच बघ." तूच बघ, असं मला तोपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. संध्याकाळी घरी फुलं निवडताना मी आईला सांगितलं. आईनं हात थांबवला. चुलतीनं विचारलं, "कशाचं सपान गं?" आप्पासुद्धा दारात येऊन उभे राहिले. निकालानंतर पहिल्यांदा सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. "रोज म्हणतात," मी म्हटलं. एकदाच म्हणाल्या होत्या.

पण पुढं त्या खरंच रोज म्हणायला लागल्या. जेवण झालं की, "निन्या, स्वेन्यो. मुचो स्वेन्यो." मुचो म्हणजे खूप. पिलारबाईंना दृष्टान्त होतोय, ही गोष्ट जीपमधून, टेम्पोतून, नदीच्या दोन्ही अंगांनी फिरली. दुपारी बाया यायला लागल्या. कुणाला मूल हवं होतं, कुणाचा नवरा आजारी होता. सिस्टर जसिंतांना ते पसंत नव्हतं, पण बाईंच्या हातून जन्मलेल्यांना बाईंच्या दारातून परत पाठवणं त्यांना जमेना. बाया खाटेभोवती बसायच्या, मी वही घेऊन उशाशी. पिलारबाईंचे डोळे मिटायला लागले की मी वाकून विचारायचे, "के स्वेन्यो?" त्या दचकून डोळे उघडायच्या.

त्यात सुमनमावशी होत्या. केडगावच्या वाटेवर त्यांची वस्ती. त्यांची मुलगी रेखा चार वर्षांपूर्वी एका मुलाबरोबर निघून गेली होती, परजातीतल्या. मावशींच्या मालकांनी घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं सांगितलं होतं. मावशी पहिल्या दिवशी काही विचारायला धजल्याच नाहीत, नुसत्या बाईंचे पाय दाबत बसल्या. तेवढ्यात पिलारबाई म्हणाल्या, "निन्या. स्वेन्यो, निन्या."

"काय म्हंत्यात?" मावशींनी विचारलं.

"मुलगी म्हणतात," मी म्हटलं. "मुलगी आणि स्वप्न."

निन्या म्हणजे मीच, हे मला ठाऊक होतं. दोन महिने मला त्या नावानं हाक मारली जात होती. पण मावशींच्या तोंडाकडे बघताना ते मला आठवलं नाही, किंवा आठवलं आणि मी ते बाजूला सारलं. दोन्हीपैकी काय, हे इतक्या वर्षांनी मला सांगता येत नाही. मावशींनी पदर तोंडात धरला. "माझी रेखा," त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं नाही.

त्या रोज यायला लागल्या. येताना फडक्यात गुंडाळून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणायच्या, पिलारबाईंना ती खाता येत नसे म्हणून मीच खायचे. चौथ्या दिवशी त्यांनी मला हळूच सांगितलं, "मालकांना बोलले मी. बाईला आपली पोरगी दिसती म्हनलं. काई बोलले न्हाईत. पर जेवताना म्हनले, रेखीला कारल्याची भाजी आवडायची." एवढं सांगून त्या रडल्या, आणि मी त्यांची चटणी खात तिथंच बसले.

पिलारबाई मात्र उतरत चालल्या होत्या. रात्री पाठीच्या कळांनी त्यांना चैन पडत नसे आणि दुपार आम्ही घेतलेली. डोळे आत गेले. वाटी पुढं केली की तोंड फिरवायच्या. एका दुपारी मी "के स्वेन्यो" म्हणत वाकले, तशी त्यांनी डाव्या हातानं माझ्या गालावर चापट मारली. त्या हातात जोर कुठला असणार. पण नंतर त्या रडायला लागल्या, आवाज न करता, आणि भोवतीच्या बाया म्हणाल्या, सपनात काहीतरी वंगाळ दिसलं असणार. मीही कंटाळून गेले होते. सकाळची फुलं, जीप, चालणं, बायांचे प्रश्न. त्या दुपारी बाया निघून गेल्यावर मी वही उशाला घेऊन जमिनीवर आडवी झाले.

उठले तेव्हा वही उलटी पडली होती. मागचा पुठ्ठा वर. मी तशीच उघडली आणि बघते तर तिथूनही लिहिलेलं होतं. वही उलटी धरून, मागच्या टोकाकडून सुरू केलेलं. इकडे सुटे शब्द नव्हते, वाक्यं होती. पहिल्याच पानावर एकाखाली एक: तेंगो आम्ब्रे, मला भूक लागली. तेंगो सेद, मला तान लागली. तेंगो फ्रीओ, मला थंडी वाजते. तेंगो मियेदो, मला भेव वाटतं. आणि त्याच्या खाली, तेंगो स्वेन्यो. मला झोप आली.

मी ते तीनदा वाचलं. त्याखाली आणखी एक ओळ होती आणि तिच्यातही तोच शब्द होता, पण अलीकडे 'उन' होतं. ए तेनीदो उन स्वेन्यो, मला एक सपान पडलं. 'उन' म्हणजे एक. तो अलीकडे असला तर स्वप्न. नुसतं तेंगो स्वेन्यो म्हटलं तर झोप. आपल्याकडे भूक लागते, झोप येते, थंडी वाजते, स्वप्न पडतं, प्रत्येकाला आपली वेगळी तऱ्हा. त्यांच्याकडे ही सगळी माणसाजवळ नुसती असतात. मला झोप आहे, असं ती बाई तीन आठवडे सांगत होती, आणि मी तिला गदागदा हलवून विचारत होते, कसली? परवा मी मोबाईलमध्ये तो एकटा शब्द टाकून बघितला. त्यानंही स्वप्नच दाखवलं. मला थोडं बरं वाटलं, पण फार नाही. मोबाईलनं काही कुणाचा खांदा हलवला नव्हता.

खाटेवर पिलारबाई जाग्या होत्या, छताकडे बघत. मी उठून खिडकीचा पडदा ओढला. त्यांच्या डोक्याखालची उशी सारखी केली आणि म्हटलं, "स्वेन्यो. सी. दोर्मीर." दोर्मीर म्हणजे झोपणं, तो शब्द मला दुसऱ्याच आठवड्यात आला होता. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. थोड्या वेळानं त्यांचा श्वास संथ झाला आणि तोंड किंचित उघडं पडलं.

सिस्टर जसिंतांना सांगणं सोपं गेलं. त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. "त्यांना रात्री झोप नसते हे मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मला सुचायला पाहिजे होतं गं. तू पोर आहेस." त्या रागावल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. "बायांना मी सांगते," त्या म्हणाल्या. "पण सुमनताईंना तू सांग. त्यांना तू बोलली आहेस."

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीच्या वेळी आल्या. मी त्यांना बाहेर कडुलिंबाखाली थांबवलं. काय बोलायचं ते मी जीपमध्ये घोकलं होतं, ते सगळं विसरले.

"मावशी, त्यांना स्वप्न पडत नाही. त्यांना झोप येते. त्यांच्यात दोन्हीला एकच शब्द आहे. मला कळलं नाही."

"मंग निन्या?"

"ते मला म्हणतात. मला हाक मारतात."

मावशींनी हातातलं फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "म्हंजी रेखाचं काई न्हाई."

"नाही. मी आधीच सांगायला पाहिजे होतं. मला थोडं थोडं वाटत होतं, तरी मी बोलले नाही."

त्या खाली बसल्या, उन्हात, सावली दोन पावलांवर असताना. मीही बसले. दवाखान्याच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता आणि आतून काही आवाज येत नव्हता. मला वाटलं त्या मला मारतील, आणि मारावं असंही वाटलं. पण त्या म्हणाल्या, "एक कर. आमच्या मालकांच्या कानावर हे जाऊ देऊ नगं. आत्ता कुठं घरात तिचं नाव निघाया लागलंय. काल म्हनले, तिच्या मैत्रिनीला इचारून बघ, कुठं ऱ्हाती." मी मान डोलावली. मग त्यांनी पडद्याकडे बघितलं. "झोपल्यात व्हय?" "झोपल्यात." "आन् आपन सगळ्या उरावर बसलो व्हतो त्यांच्या," असं म्हणून त्या उठल्या, पायरीवर जाऊन बसल्या, आणि पुलाकडून तिघीजणी येताना दिसल्या तशा हात हलवून त्यांना लांबूनच परत फिरवलं.

पुढचे काही आठवडे त्या जमेल तेव्हा दुपारी येऊन त्या पायरीवर बसत. आत येत नसत. रेखा आली, पण दोन वर्षांनी, कडेवर पोर घेऊन. तिच्या वडिलांनी दार उघडलं आणि मावशींना आतून पाणी आणायला सांगितलं. हे मला मावशींनीच सांगितलं. मी तेव्हा दौंडला नर्सिंग शिकत होते. सिस्टर जसिंतांनीच मला पाठवलं होतं, इंग्रजीचा पेपर पुन्हा द्यायला लावून. पेपर सुटला, पस्तीस मार्कांनी.

पिलारबाई तोपर्यंत राहिल्या नव्हत्या. त्या झोपायला लागल्या तशा दोनेक महिने बऱ्या झाल्या होत्या. लसणाचं पाणी पूर्ण प्यायच्या, माझ्यावर रागवायच्या, एकदा खिडकीतून दिसलेल्या बकरीला बघून हसल्या. मराठी मात्र परत आलं नाही. त्या काळात मला त्यांच्याजवळ बसून काही करायचं नसे, म्हणून मी वहीची मागची बाजू पाठ करत गेले. त्या झोपल्या की मीही कधी कधी भिंतीला टेकून झोपायचे, आणि जाग आली की त्या माझ्याकडे बघत असायच्या.

अशाच एका दुपारी त्या उठल्या. चेहरा झोपेनं सुजलेला, केस कपाळावर आलेले. "निन्या," त्या म्हणाल्या, "ए तेनीदो उन स्वेन्यो."

मी ते 'उन' ऐकलं. मी वही उचलली नाही. त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली, हळू, मध्ये थांबत, एकदा हसत. मला त्यातले पाणी, आई आणि घर एवढे तीन शब्द कळले. बाकी सगळं माझ्या कानावरून गेलं. तरी मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, कारण त्यांना मी ऐकायला हवी होते. संपल्यावर त्यांनी सुस्कारा टाकला आणि खिडकीकडे मान वळवली.

सिस्टर जसिंता चहा घेऊन आल्या. "इतका वेळ काय सांगत होत्या गं?"

"त्यांना स्वप्न पडलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "कसलं?"

"ते मला नाही कळलं, सिस्टर."